व्यायामात नेमक्या किती कॅलरी जळतात? वजनाचा हिशेब मांडणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

सकाळच्या बॅचला व्यायाम शिकवताना जे प्रश्न मला पुन्हा पुन्हा विचारले जातात, ते इथे एकत्र केले आहेत. बरेचसे ट्रेडमिलच्या शेजारी उभं राहून, धापा टाकत विचारलेले. काही मात्र अगदी रडवेल्या आवाजात विचारलेले, आणि हे पान मुख्यतः त्यांच्यासाठी आहे. कागद-पेन जवळ असू द्या. गुणाकार आणि वजाबाकी यांच्यापलीकडचं गणित इथे नाही.

कॅलरी म्हणजे नेमकं काय?

एक किलो पाण्याचं तापमान एक अंश सेल्सिअसने वाढवायला जितकी उष्णता लागते, ती एक किलोकॅलरी. पाकिटांवर, घड्याळांवर आणि बोलताना आपण जिला नुसतं ‘कॅलरी’ म्हणतो ती हीच, आणि या पानावरही तसंच धरलं आहे. काही यंत्रं किलोज्यूल दाखवतात. तो आकडा ४.१८४ ने भागायचा. पडद्यावर ९०० दिसले तर आधी एकक बघा, कारण ते किलोज्यूल असतील तर कॅलरी २१५ च आहेत.

यंत्राशिवाय, घरच्या घरी अंदाज कसा काढायचा?

त्यासाठी ‘मेट’ नावाचं माप आहे. स्वस्थ असताना शरीराला जेवढी ऊर्जा लागते ती १ मेट धरायची आणि प्रत्येक हालचाल तिच्या किती पट आहे ते बघायचं. १ मेट म्हणजे दर किलो वजनामागे दर तासाला साधारण १ कॅलरी. म्हणून सूत्र असं:

मेट × वजन (किलो) × वेळ (तास) = कॅलरी

बार्बरा एन्सवर्थ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये शेकडो हालचालींचे मेट गोळा करून एक मोठी यादी छापली. पुढे २०००, २०११ आणि २०२४ मध्ये ती सुधारली गेली. २०११ च्या यादीतले काही आकडे सांगते. ताशी ५.६ किलोमीटरने सपाटीवर चालणं ४.३ मेट, ताशी ८ किलोमीटरने धावणं ८.३, ताशी ९.७ ने धावणं ९.८, आणि वजनं उचलण्याचा सर्वसाधारण व्यायाम ३.५.

आता ७० किलो वजनाची व्यक्ती ताशी ५.६ च्या वेगाने ४५ मिनिटं चालली असं धरू. ४.३ × ७० × ०.७५ म्हणजे २२६ कॅलरी. हा आकडा लक्षात ठेवा. पुढच्या बऱ्याच उत्तरांत तो परत येणार आहे.

मग ४५ मिनिटं चालून माझ्या २२६ कॅलरी जळाल्या, असंच ना?

नाही, आणि सगळी गफलत इथेच सुरू होते.

आमच्या बॅचमध्ये एक काकू यायच्या. वजन बरोबर ७० किलो. त्यांची एक छोटी वही होती, पानावर रेघा मारून चार रकाने केलेले: तारीख, मिनिटं, कॅलरी, वजन. चालून झालं की घाम पुसायच्या आधी त्या वही उघडायच्या आणि यंत्रावरचा आकडा उतरवून घ्यायच्या. आठवड्यातून पाच दिवस, चौदा आठवडे, एकही खाडा नाही. कुठेतरी वाचलं होतं की ७,७०० कॅलरी खर्च झाल्या की एक किलो वजन उतरतं, म्हणून दर पानाखाली बेरीज मांडलेली. चौदा आठवड्यांची बेरीज १५,८०० च्या पुढे गेली होती, म्हणजे दोन किलो उतरायला हवे होते. काटा दाखवत होता एक किलो आणि वर शंभर-एक ग्रॅम. एक दिवस त्या वही घेऊन बाकावर बसल्या आणि म्हणाल्या, “मॅडम, बेरीज तर तीनदा तपासली. मग माझंच शरीर असं का?”

बेरीज बरोबर होती. शरीरही बरोबर होतं. चुकत होतं ते यंत्राचा आकडा जसाच्या तसा ‘जादा खर्च’ म्हणून धरणं.

त्या ४५ मिनिटांत त्या घरी खुर्चीत बसल्या असत्या तरी श्वास, हृदय, मेंदू, यकृत यांचा खर्च चालूच राहिला असता. तो खर्च १ मेट, म्हणजे १ × ७० × ०.७५ = साधारण ५२ कॅलरी. चालण्यामुळे *वाढलेला* खर्च हा २२६ उणे ५२, म्हणजे सुमारे १७३. सूत्रात मेटमधून आधी १ वजा करून मग गुणाकार केला की हेच उत्तर येतं. बहुतेक यंत्रं एकूण आकडा दाखवतात. काही घड्याळांत ‘ॲक्टिव्ह’ आणि ‘टोटल’ असे दोन आकडे असतात, त्यातला ॲक्टिव्ह हा या जादा खर्चाच्या जवळचा.

व्यायाम जितका सौम्य, तितका हा फरक मोठा दिसतो. जोरात धावण्याच्या ९.८ मेटमधून १ गेला तर फार बिघडत नाही, पण २.५ मेटच्या हलक्या हालचालीतून १ गेला की आकड्याचा पाऊण हिस्साही उरत नाही.

१ मेट सगळ्यांसाठी सारखाच असतो का?

नसतो. मेटची व्याख्या दर किलोला मिनिटाला ३.५ मिलिलिटर ऑक्सिजन अशी ठरवलेली आहे. २००५ मध्ये प्रत्यक्ष मोठ्या गटावर मोजणी झाली तेव्हा सरासरी २.६ च्या आसपास निघाली. वरच्या उदाहरणात या हिशेबाने ५२ ऐवजी ४० च्या आसपास वजा करावे लागतील. एका फेरीत दहा-पंधरा कॅलरींचा फरक आहे, त्यासाठी झोप उडवून घेऊ नये.

स्वतःचा विश्रांतीतला खर्च काढायचाच असेल तर १९९० चं मिफ्लिन–सेंट जिओर सूत्र वापरा. वजन किलोत घेऊन १० ने गुणा, उंची सेंटिमीटरमध्ये घेऊन ६.२५ ने गुणा, दोन्हींची बेरीज करा, त्यातून वयाची पाचपट वजा करा. पुरुषांनी शेवटी ५ मिळवायचे, स्त्रियांनी १६१ वजा करायचे. ७० किलो, १६५ सेंटिमीटर, ४० वर्षांच्या स्त्रीसाठी उत्तर येतं दिवसाला सुमारे १,३७०. काहीही न करता! व्यायामाच्या आकड्यासमोर हा आकडा केवढा मोठा आहे ते एकदा शांतपणे बघावं.

मनगटावरच्या घड्याळावर विश्वास ठेवावा का?

ठोक्यांसाठी बऱ्यापैकी. कॅलरींसाठी नाही.

२०१७ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी मनगटावर बांधायची सात उपकरणं ६० स्वयंसेवकांवर तपासली. सातपैकी सहा उपकरणांनी हृदयाचे ठोके ५ टक्क्यांच्या आतल्या चुकीने मोजले. कॅलरींच्या बाबतीत मात्र सगळ्यांत चांगल्या उपकरणाची चूक सरासरी २७ टक्के होती आणि सगळ्यांत वाईटाची ९३ टक्के. त्यानंतर उपकरणं बदलली आहेत, पण मूळ अडचण तीच आहे. घड्याळ कॅलरी मोजत नाही. ते ठोके आणि हाताची हालचाल मोजतं आणि वय, वजन, उंची यांच्या मदतीने तर्क करतं.

ठोके तर कितीतरी कारणांनी वाढतात: उकाडा, अपुरी झोप, भीती, अंगात कणकण. उकाड्याच्या दिवशी तीच चाल, तेच अंतर असूनही घड्याळ जास्त कॅलरी दाखवतं, कारण हृदय शरीर थंड करण्यासाठीही राबत असतं. उलट, रक्तदाबासाठी बीटा-ब्लॉकर गटातली औषधं घेणाऱ्यांचे ठोके फारसे वाढत नाहीत आणि त्यांचा आकडा विनाकारण कमी दिसतो.

एक गोष्ट आजच करा. घड्याळात किंवा ॲपमध्ये तुमचं वजन किती भरलेलं आहे ते बघा. मी जेव्हा जेव्हा लोकांना हे बघायला लावते, तेव्हा बहुतेकांचं तिथलं वजन घड्याळ घेतलं त्या दिवशीचंच असतं.

मग अचूक मोजमाप कधी होतंच नाही का?

होतं, पण प्रयोगशाळेत. तोंडावर मास्क लावून शरीर किती ऑक्सिजन घेतं आणि किती कार्बन डायऑक्साइड सोडतं ते मोजतात. एक लिटर ऑक्सिजन वापरला गेला की साधारण ५ कॅलरी खर्च होतात. मेटच्या यादीतले कितीतरी आकडे अशाच मोजणीतून आलेले आहेत.

दिवसभराचा, नेहमीच्या आयुष्यातला खर्च मोजायची पद्धत मला फार विलक्षण वाटते. हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांच्या जड समस्थानिकांचं, म्हणजे नेहमीपेक्षा जास्त वजनाच्या अणूंचं, पाणी प्यायला देतात आणि पुढचे एक-दोन आठवडे लघवीचे नमुने तपासतात. जड हायड्रोजन फक्त पाण्यातून बाहेर पडतो, जड ऑक्सिजन मात्र पाणी आणि कार्बन डायऑक्साइड या दोन्हींतून. या दोघांच्या वेगातल्या फरकावरून किती कार्बन डायऑक्साइड तयार झाला ते कळतं आणि त्यावरून खर्च. नेथन लिफ्सन यांनी १९५० च्या दशकात प्राण्यांवर ही पद्धत उभी केली, माणसांवर ती १९८२ मध्ये वापरली गेली. व्यायाम आणि वजन यांबद्दलच्या आपल्या बऱ्याच समजुतींना धक्का बसला तो या पद्धतीमुळे.

तेवढंच अंतर चाललं काय आणि धावलं काय, कॅलरी सारख्याच ना?

हे खूप ऐकू येतं, पण खरं नाही. धावताना प्रत्येक पावलाला शरीर हवेत उचललं जातं, चालताना एक पाय कायम जमिनीवर असतो. ६० किलोच्या व्यक्तीने ५ किलोमीटर ताशी ८ ने धावून काढले तर जादा खर्च सुमारे २७५ कॅलरी. तेच अंतर तासाभरात चालून काढलं तर सुमारे १५०. पण गुडघ्यांना झेपत नसताना या फरकासाठी धावायला लागू नका. महिनाभर घरी बसावं लागलं तर सगळा हिशेब उलटा होतो.

ट्रेडमिलला चढ दिला तर किती फरक पडतो?

खूप. ताशी ५ किलोमीटर वेगाने सपाटीवर साधारण ३.४ मेट लागतात, ५ टक्के चढावर ५.५, आणि १० टक्के चढावर ७.७. म्हणजे धावायची गरज न पडता दुपटीहून जास्त. ज्यांना वेग वाढवायची भीती वाटते त्यांना मी आधी चढच देते.

अट एकच, कठडा सोडायचा. १० टक्क्यांवर कठड्याला धरून मागे झुकून चाललं की अंगाचं बरंच वजन हातांवर जातं. यंत्राला ते कळत नाही, ते पूर्ण चढाच्या कॅलरी दाखवत राहतं. तोल जात असेल तर कठडा जरूर धरा, पण चढ निम्मा करा.

वजनं उचलण्याच्या व्यायामाचा आकडा इतका कमी का?

कारण तासातला बराच वेळ दोन सेटच्या मधल्या विश्रांतीत जातो. घड्याळ इथे सगळ्यांत जास्त गोंधळतं. जोर लावताना रक्तदाब आणि ठोके दोन्ही चढतात, पण त्या प्रमाणात ऑक्सिजन वापरला जात नाही.

“स्नायू वाढले की झोपेतही भरपूर कॅलरी जळतात” हेही अर्धंच खरं. एक किलो स्नायू विश्रांतीत दिवसाला सुमारे १३ कॅलरी वापरतात, एक किलो चरबी साधारण साडेचार. तरीही वजनं उचला, असंच मी आग्रहाने सांगेन, कारण वजन उतरताना चरबीबरोबर स्नायूही जातात आणि ते टिकवायचा भरवशाचा मार्ग हाच आहे. पण त्याचा हिशेब कॅलरींत मांडू नका.

जास्त घाम आला म्हणजे जास्त चरबी जळाली का?

नाही. घाम म्हणजे शरीर थंड करायची सोय. एक लिटर घाम गेला तर काट्यावर एक किलो कमी दिसतं आणि पाणी प्यायल्यावर परत येतं. चरबी बाहेर पडते ती मुख्यतः श्वासातून. १० किलो चरबी पूर्ण जळाली तर ८.४ किलो कार्बन डायऑक्साइड होऊन फुप्फुसांतून जाते आणि उरलेली १.६ किलो पाणी होऊन.

व्यायाम संपल्यावरही कॅलरी जळत राहतात म्हणे?

राहतात, पण जाहिरातीत म्हणतात तितक्या नाहीत. व्यायामात जो खर्च झाला त्याच्या साधारण ६ ते १५ टक्के, तेही जोरकस व्यायामानंतर. ३०० कॅलरींवर १८ ते ४५.

यंत्रावर ‘फॅट बर्निंग झोन’ लिहिलेलं असतं. त्यातच राहावं का?

संथ व्यायामात इंधनातला चरबीचा *वाटा* मोठा असतो, हे खरं. पण वाटा आणि रक्कम वेगळ्या. समजा, अर्ध्या तासाच्या संथ व्यायामात १५० कॅलरी गेल्या आणि त्यातल्या ६० टक्के चरबीतून आल्या, तर त्या ९० झाल्या. जोरकस व्यायामात ३०० गेल्या आणि ४० टक्केच चरबीतून आल्या, तरी त्या १२०. शिवाय वजनाच्या दृष्टीने त्या अर्ध्या तासात कुठलं इंधन वापरलं याला फारसं महत्त्व नाही. दिवसाचा आणि आठवड्याचा जमाखर्च महत्त्वाचा. जो वेग तुम्हाला उद्याही जमेल, तो निवडा.

इतका नेमाने व्यायाम करूनही वजन अंदाजाइतकं का उतरत नाही?

आता काकूंच्या वहीकडे परत येऊ. २२६ मधून १७३ उरले होते, पण गोष्ट तिथे संपत नाही.

हर्मन पाँट्झर यांनी टांझानियातल्या हाद्झा या शिकारी-संकलक समाजाचा रोजचा खर्च वर सांगितलेल्या जड पाण्याच्या पद्धतीने मोजला. हे लोक दिवसाकाठी मैलोन् मैल चालतात. तरीही शरीराचा आकार लक्षात घेता त्यांचा एकूण खर्च शहरी बैठ्या माणसांच्या खर्चासारखाच निघाला. हे संशोधन २०१२ मध्ये प्रसिद्ध झालं. पुढे २०२१ मध्ये १,७५४ प्रौढांच्या मोजमापांवरून असं दिसलं की हालचालीत वाढलेल्या खर्चापैकी सरासरी २८ टक्के शरीर इतरत्र काटकसर करून भरून काढतं. अंगात चरबी जास्त असलेल्यांमध्ये ही काटकसर अधिक दिसली. याशिवाय दमल्यावर आपण दिवसभर नकळत कमी हलतो, ते वेगळंच.

१७३ चे ७२ टक्के म्हणजे साधारण १२५. आठवड्याला पाच दिवस, चौदा आठवडे: ८,७५०. भागिले ७,७००, उत्तर १.१ किलो. काकूंचा काटा नेमकं हेच दाखवत होता. आम्ही दोघींनी हे त्यांच्याच वहीच्या मागच्या पानावर मांडलं. सरासरी आकडे एका व्यक्तीला इतके तंतोतंत लागू पडतीलच असं नाही, पण त्या दिवशी ते पडले आणि काकूंच्या चेहऱ्यावरचा अपराधीपणा उतरताना मी समोर बसून पाहिला. शरीर कामचुकार नव्हतं, त्यांच्या कष्टांतही काही कमी नव्हतं. अपेक्षाच जवळजवळ दुप्पट धरली गेली होती.

७,७०० चा आकडाही ढोबळच आहे. १९५८ मध्ये मॅक्स विश्नॉफ्स्की यांनी एक पौंड वजनाला ३,५०० कॅलरी असा हिशेब मांडला, तोच किलोत बदललेला. थोड्या काळासाठी तो चालतो. पण वजन उतरलं की लहान शरीराचा खर्चही उतरतो, म्हणून वर्षभराचं भाकीत या आकड्याने केलं तर ते चुकतंच. तोच व्यायाम करूनही यंत्र आता कमी कॅलरी का दाखवतं, याचंही कारण हेच: ७० ऐवजी ६२ किलो वाहून न्यायचे असतील तर खर्च कमी होणारच.

जेवढ्या कॅलरी जाळल्या तेवढं जास्त खाल्लं तर चालेल का?

वजन कमी करायचं असेल तर यंत्रावरचा आकडा खाण्याच्या हिशेबात जमा करू नका. तो आकडा बहुतेक वेळा फुगलेला असतो आणि खाण्याचा अंदाज आपण हमखास कमी धरतो. १९९२ च्या एका अभ्यासात ‘कमी खाऊनही वजन उतरत नाही’ म्हणणाऱ्यांची तपासणी झाली. त्यांनी खाणं प्रत्यक्षापेक्षा सरासरी ४७ टक्के कमी नोंदवलं होतं आणि व्यायाम ५१ टक्के जास्त. ते खोटं बोलत नव्हते. अंदाज चुकतो तो असा.

रोज दोन-दोन तास कस लावणाऱ्यांना मात्र हा सल्ला लागू नाही. त्यांनी कमी खाल्लं तर पाळी थांबणं, हाडं कमकुवत होणं, सतत आजारी पडणं असे परिणाम होतात. अशांनी आहारतज्ज्ञांकडे जावं.

मग व्यायाम किती करावा?

जागतिक आरोग्य संघटनेचा २०२० चा सल्ला आहे, आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम, किंवा ७५ ते १५० मिनिटं जोरकस, आणि दोन दिवस स्नायूंचा व्यायाम. उतरलेलं वजन टिकवायला साधारण २०० ते ३०० मिनिटं लागतात. माझ्या अनुभवातही व्यायामाचा खरा उपयोग इथेच दिसतो. वजन उतरवण्याचं मोठं काम खाण्यातला बदल करतो, ते परत चढू न देण्याचं काम चालणं करतं.

नोंद ठेवायची तर कशी ठेवावी?

एकच पद्धत, एकच उपकरण, आणि तुलना फक्त स्वतःच्या गेल्या महिन्याशी. तुमचं घड्याळ कायम ३० टक्के जास्त दाखवत असेल तरी गेल्या महिन्याच्या मानाने तुम्ही वाढलात की घटलात हे ते सांगू शकतं. दुसऱ्याच्या घड्याळाशी तुलना करून काही कळत नाही.

वजन सकाळी, शौचाला जाऊन आल्यावर, काही खायच्या आधी करा आणि आठवड्याची सरासरी काढा. पाणी, मीठ, पाळी यांमुळे काटा दिवसागणिक एक-दोन किलो सहज हलतो. चार आठवड्यांच्या सरासरीत काहीच फरक नसेल तर खाणं किंवा चालणं यांपैकी एकच गोष्ट थोडी बदला आणि पुन्हा चार आठवडे थांबा.

आकडे बघणं कधी बंद करावं?

ठरलेला आकडा गाठला नाही म्हणून जेवण टाळावंसं वाटलं, आजारपणातही चालायला जावंसं वाटलं, किंवा खाल्लेलं ‘फेडण्यासाठी’ व्यायाम होऊ लागला, तर लगेच. घड्याळातला कॅलरींचा रकाना बंद करता येतो, तो करा, आणि जवळच्या माणसाशी आणि डॉक्टरांशी बोला. यात लाजण्यासारखं काही नाही आणि हे एकट्याने सोसायचीही गरज नाही.

काकूंनी वही टाकली नाही. कॅलरींचा रकाना त्यांनी खोडला आणि तिथे लिहिलं, ‘न थांबता किती मजले’. पहिल्या दिवशीची नोंद होती दोन. परवा त्यांनी वही दाखवली तेव्हा तिथे सहा होते.